परग्रहावरून आलेली वस्तू? आधी तिचं वजन करा

तेहतीस वर्षं मी धातुपरीक्षणाच्या प्रयोगशाळेत काम केलं. तुटलेले शाफ्ट, चिरलेले बॉयलरचे पाइप, मोडलेले दाते, हे आमचं रोजचं काम. पण वर्षातून दोन-चार वेळा कुणीतरी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन यायचं आणि आवाज खाली आणून विचारायचं, "मॅडम, हे पृथ्वीवरचं नसावं. बघता का?"

नोकरीच्या सुरुवातीला एका गृहस्थांनी असाच काळपट, काचेसारखा चमकणारा गोळा आणला होता. मी तो हातातही न घेता म्हटलं, "स्लॅग आहे. भट्टीतला कचरा." उत्तर बरोबर होतं. ते काही न बोलता गोळा उचलून निघून गेले, आणि पुढे कित्येक वर्षं तो गोळा लोकांना उल्का म्हणून दाखवत राहिले. यात चूक माझी होती. मी त्यांना काहीच दाखवलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. तेव्हापासून एक पद्धत मी कटाक्षाने पाळत आले. ती इथे लिहिते आहे. तिला महागडी यंत्रं लागत नाहीत. काटा, पाणी, दोरा, लोहचुंबक आणि एक भिंग एवढं पुरतं.

पण एक प्रकार आधीच बाजूला काढते. वस्तू आकाशातून पडताना कुणी पाहिली असेल, किंवा ती शेतात, किनाऱ्यावर अचानक सापडली असेल, तर तिला हात लावू नका. 2 एप्रिल 2022 च्या रात्री महाराष्ट्राच्या आकाशात जळत्या तुकड्यांची रांग दिसली आणि चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावात सुमारे 3 मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं. परग्रहावरचं यान पडल्याच्या अफवा लगेच फिरल्या. चीनच्या 'चांग झेंग 3बी' रॉकेटचा तिसरा टप्पा त्याच वेळी वातावरणात परतत होता, आणि खगोलशास्त्रज्ञांनी वेळ आणि मार्ग जुळवून ते कडं त्याचंच असल्याचं सांगितलं. पुढच्या वर्षी, जुलै 2023 मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात ग्रीन हेडजवळ किनाऱ्याला एक मोठं नळकांडं लागलं. ते आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा भाग निघालं. रॉकेटच्या काही टाक्यांमध्ये हायड्राझीनसारखं विषारी इंधन उरलेलं असू शकतं. लांबून फोटो काढा, लोकांना दूर ठेवा, पोलिसांना कळवा. आणि ती वस्तू तुमची होत नाही. 1967 च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशातून परत आलेला तुकडा ज्या देशाचा, त्याचाच राहतो.

कहाणी आधी, वस्तू नंतर

आता हातात घेता येईल अशा वस्तूकडे वळू. वही उघडा. वस्तू कुणाला, कधी, नेमकी कुठे, किती खोलीवर सापडली? शेजारी काय होतं? त्याआधी ती जागा कुणी पाहिली होती? सांगणारा जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत उतरवा. दर वेळी सांगताना गोष्ट थोडी गुळगुळीत होते आणि नेमके कामाचे खडबडीत तपशील गळून पडतात. म्हणून पहिली हकीकत जपायची.

जागेचे जुने फोटोही शोधा. नोव्हेंबर 2020 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात, रानमेंढ्यांची मोजणी करणाऱ्या हेलिकॉप्टरमधल्या लोकांना लाल खडकांच्या घळीत सुमारे 3 मीटर उंचीचा चकचकीत धातूचा खांब दिसला. जगभर तर्कांना ऊत आला. कुणीतरी शांतपणे उपग्रहाची जुनी छायाचित्रं चाळली, तेव्हा कळलं की 2015 च्या उन्हाळ्यात तिथे काही नव्हतं आणि 2016 च्या अखेरीस खांब उभा होता. जवळ गेलेल्यांना पत्र्यावर रिव्हेटही दिसले. रिव्हेट मारायला माणूस लागतो.

आणि वस्तू धुऊ नका, घासू नका. हे मी स्वतः चुकून शिकले. दगडाच्या लपेट्यात अडकलेली लोखंडी कांब तपासायला आली होती. मी उत्साहाच्या भरात गंज काढण्यासाठी ती आम्लात बुडवली. गंज गेला, आणि कांब व दगड यांच्यामधला तो पातळ तपकिरी थरही गेला. दगड कांबेभोवती कसा जमला, हे त्या थरानेच सांगितलं असतं. त्या माणसाला मी पुढे काहीही खात्रीने सांगू शकले नाही. आधी सगळ्या बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा. मगच बाकीचं.

वजन आणि पाणी

ही पायरी मला सगळ्यात प्रिय आहे, कारण ती घरी होते आणि समोरचा माणूस ती स्वतःच्या हाताने करू शकतो.

कोरडी वस्तू काट्यावर ठेवून वजन घ्या. मग पाण्याने भरलेलं भांडं काट्यावर ठेवा आणि काटा शून्यावर आणा. वस्तू दोऱ्याने बांधून पाण्यात पूर्ण बुडेल अशी धरा, तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका. आता काटा जितके ग्रॅम दाखवेल, तितके घन सेंटिमीटर वस्तूचं आकारमान. पहिल्या वजनाला या आकड्याने भागलं की घनता मिळाली. मॅग्नेशियम 1.7, काच साधारण 2.5, ॲल्युमिनियम 2.7, टायटॅनियम 4.5, लोखंड-पोलाद 7.8 च्या आसपास, बिस्मथ 9.8, शिसं 11.3, टंगस्टन 19.3. स्लॅग बहुतेक वेळा 3 च्या आगेमागे येतो. लोखंडी उल्का म्हणून आलेल्या दगडाची घनता 3 निघाली, की त्या दाव्यावर आणखी वेळ घालवावा लागत नाही.

पोकळ वस्तूही याच हिशेबाने पकडता येते. 1974 साली फ्लोरिडात एका कुटुंबाला पोलादी गोल सापडला. व्यास सुमारे 20 सेंटिमीटर, वजन जेमतेम 10 किलो. तो जमिनीवर आपोआप घरंगळतो, थांबतो, दिशा बदलतो, असं सांगितलं जाई आणि वर्तमानपत्रांनी ते उचलून धरलं. मी प्रशिक्षणार्थींना हा गोल गणित म्हणून द्यायचे. एवढ्या व्यासाचा भरीव पोलादी गोल असता तर त्याचं वजन जवळजवळ 33 किलो भरलं असतं. म्हणजे तो पोकळ आहे. वजनावरून कवचाची जाडी काढली तर ती सव्वा सेंटिमीटरच्या थोडी आतच येते. अमेरिकेच्या नौदलाने क्ष-किरणांनी तपासलं, तेव्हा जाडी साधारण तेवढीच भरली, आणि धातू नेहमीच्या वापरातलं स्टेनलेस स्टील निघालं. मोठ्या पाइपलाइनच्या झडपांमध्ये असे पोकळ गोल बसवतात. आणि घरंगळण्याचं म्हणाल, तर समतोल साधलेला गुळगुळीत गोल डोळ्यांना न दिसणारा उतारही बरोबर ओळखतो. गवंड्याची पाणसळ ठेवून बघितली तर कुठल्याही घरात जमीन पूर्ण सपाट सापडणार नाही.

लोहचुंबकाबद्दल थोडक्यात. चिकटलं म्हणजे उल्का नव्हे, आणि नाही चिकटलं म्हणजे परका धातू नव्हे. स्टेनलेस स्टीलचे काही प्रकार चिकटतात, काही नाही. चुंबक फक्त पुढचा प्रश्न कोणता विचारायचा ते सांगतो.

भिंगाखाली हात शोधा

बनवलेल्या वस्तूवर बनवणाऱ्याच्या खुणा राहतातच. ओतीव वस्तूवर साच्याचे दोन भाग जुळतात तिथे बारीक रेघ असते, तिला कामगार पार्टिंग लाइन म्हणतात. लेथवर फिरवलेल्या वस्तूवर एकसारखी वर्तुळं दिसतात. वेल्डिंगच्या सांध्याशी रंग बदललेला असतो. कानशीचे ओरखडे सरळ आणि समांतर असतात, वाळूत घासल्याचे वेडेवाकडे. दिवा आडवा धरा, म्हणजे ओरखड्यांच्या सावल्या पडतात. समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही.

स्फटिकाच्या कवट्यांचा उलगडा असाच झाला. हजारो वर्षांपूर्वीच्या मेक्सिकोतल्या, माणसाला घडवता येणार नाहीत अशा, त्यांच्यात गूढ शक्ती आहे, असं बरंच काही सांगितलं जायचं. ब्रिटिश म्युझियमने आपली कवटी 1897 मध्ये विकत घेतली होती. संशोधकांनी सिलिकोनने तिच्या पृष्ठभागाचे ठसे घेतले आणि ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. दातांच्या फटींवर फिरत्या चाकाच्या खुणा होत्या. स्पॅनिश लोक येण्यापूर्वीच्या मेक्सिकोत तसं चाक वापरात नव्हतं. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेला 1992 मध्ये टपालाने आलेल्या दुसऱ्या कवटीवर तर कार्बोरंडमचे कण सापडले. ही घासण्याची पूड कृत्रिम आहे आणि एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी बाजारात आली. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की संशोधकांनी तुलनेसाठी त्या भूमीतला खरा जुना, हाताने घडवलेला स्फटिकाचा पेला शेजारी ठेवला होता. खरं काय दिसतं हे माहीत असल्याशिवाय खोटं ओळखू येत नाही.

दगडात सापडलं म्हणजे दगडाइतकं जुनं?

इथे शिकलेली माणसंही फसतात. लोखंड जमिनीत गंजतं, तेव्हा त्याचा गंज आजूबाजूची माती, वाळू, शंख-शिंपले यांना घट्ट बांधून टाकतो. काही दशकांत त्याचा दगडासारखा टणक गोळा होतो. चुनखडीच्या प्रदेशात पाण्यात विरघळलेला चुना पुन्हा जमतो आणि तसंच करतो. खडक कोट्यवधी वर्षांचा असेल, पण त्यातून सुटून पुन्हा जमलेला चुना कालपरवाचा असू शकतो.

1961 मध्ये कॅलिफोर्नियात ओलांचाजवळ खनिजं गोळा करणाऱ्यांनी एक गोळा करवतीने कापला. आत चिनीमातीसारखं पांढरं वर्तुळ आणि मध्ये धातूची कांडी. तो गोळा पाच लाख वर्षांचा असल्याचं सांगितलं गेलं, आणि हरवलेल्या संस्कृतीपासून परग्रहवासीयांपर्यंत सगळ्यांना त्याचं श्रेय मिळालं. 1999 मध्ये त्याची क्ष-किरण चित्रं जुने स्पार्क प्लग जमवणाऱ्या छांदिष्ट लोकांना पाठवली. त्यांनी ओळखलं: 1920 च्या दशकातला चॅम्पियन कंपनीचा स्पार्क प्लग.

यातून घ्यायची गोष्ट अशी की नेहमी मोठ्या शास्त्रज्ञाकडेच जावं लागत नाही. ती वस्तू रोज हाताळणारा माणूस शोधा. जुन्या गाड्यांचा मेकॅनिक, पंप दुरुस्त करणारा, विहिरी खोदणारा, जहाज तोडणीतला कामगार. माझ्याकडे आलेल्या वस्तूंपैकी कितीतरी मी ओळखल्याच नाहीत. आमच्या वर्कशॉपमधल्या फिटरने ओळखल्या. तो वस्तू हातात घेऊन एकदा फिरवायचा आणि म्हणायचा, "हे कशात तरी बसायचं." मग ती कशात बसायची, ते शोधायला आम्ही लागायचो.

कुणीच न बनवलेल्या वस्तू

काही वेळा हात शोधून सापडत नाही, कारण तो नसतोच. दक्षिण आफ्रिकेत ओट्टोसडालजवळच्या पायरोफिलाइट या मऊ खनिजाच्या खाणीत सुमारे 3 अब्ज वर्षांच्या खडकातून छोटे गोल निघतात. काहींच्या कमरेभोवती खाचा असतात, जणू लेथवर कोरलेल्या. हे गोल गाळाच्या थरांमध्ये खनिज जमून वाढलेले आहेत, बरेचसे हेमॅटाइटचे. खाचा म्हणजे ज्या थरांतून ते वाढले त्या थरांचीच छाप. 'अचूक गोल' म्हणून गाजलेले हे नमुने मोजायला घेतले की चपटे, जोडलेले, वाकडेही सापडतात. गाजलेल्या एकाच नमुन्यावर थांबू नका, त्याची सगळी भावंडं बघायला मागा.

बिस्मथचंही तसंच. इंद्रधनुषी रंगांचे, पायऱ्या-पायऱ्यांचे त्याचे स्फटिक पाहून कुणालाही वाटेल की हे परक्या नगरीचं प्रतिरूप आहे. बिस्मथ 271 अंशांना वितळतं. अर्धवट थिजल्यावर उरलेला रस ओतून टाकला की आत हे स्फटिक उभे असतात. कडा मधल्या भागापेक्षा लवकर वाढतात म्हणून पायऱ्या, आणि वरच्या ऑक्साइडच्या पापुद्र्यामुळे रंग.

प्रयोगशाळेचा कागद कसा वाचायचा

"लॅबमध्ये तपासलं, अज्ञात धातू निघाला," असं कुणी सांगितलं तर तो कागद मागा. 118 पर्यंतच्या मूलद्रव्यांच्या यादीत एकही घर रिकामं नाही. 'अज्ञात' याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की त्या यंत्रातल्या मिश्रधातूंच्या यादीत हे प्रमाण नव्हतं. हातात धरायचं क्ष-किरण यंत्र फक्त वरचा पातळ थर बघतं आणि त्याला कार्बन दिसत नाही. वर माती, रंग किंवा मुलामा असेल तर ते त्याचंच मोजमाप देतं. म्हणून अहवालात तीन गोष्टी शोधा: नमुना कुठून काढला, पृष्ठभाग साफ केला होता का, आणि कोणती पद्धत वापरली.

'अतिशुद्ध' या शब्दापासूनही सावध राहा. ब्राझीलमध्ये उबातुबाजवळ 1957 मध्ये फुटलेल्या उडत्या तबकडीचे म्हणून दाखवलेले मॅग्नेशियमचे तुकडे पृथ्वीवर शक्य नाही इतके शुद्ध असल्याचं सांगितलं जाई. 1968 मध्ये अमेरिकेत उडत्या तबकड्यांच्या दाव्यांची छाननी करणाऱ्या काँडन समितीसाठी ते तपासले, तर त्या काळी उद्योगात मिळणारं उत्तम मॅग्नेशियम त्यांच्यापेक्षा शुद्ध निघालं.

खरा कस लागतो तो समस्थानिकांवर, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवर. पृथ्वीवरचं मॅग्नेशियम कुठूनही घ्या, त्यात 24, 25 आणि 26 वस्तुमानांकाचे अणू साधारण 79, 10 आणि 11 टक्के असतात. दुसऱ्या ताऱ्याभोवती घडलेल्या धातूत हे प्रमाण वेगळं असू शकतं. 1947 च्या कोसळलेल्या यानाचा म्हणून मिरवलेला मॅग्नेशियम-बिस्मथच्या थरांचा तुकडा अमेरिकेच्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने याच कसाला लावला. 2024 मध्ये निष्कर्ष जाहीर झाला: प्रमाण पृथ्वीवरचंच.

आणि कधी कधी उत्तर "हो, आकाशातलं" असंही येतं. तुतनखामेनच्या ममीवर सापडलेल्या खंजिराच्या पात्यात जवळजवळ 11 टक्के निकेल असल्याचं 2016 मध्ये मोजलं गेलं. ते लोखंड उल्केचं आहे. पण ते ठोकून पातं केलं ते माणसानेच, आणि अशा लोखंडाला ठोकणं किती अवघड, हे मला ठाऊक आहे.

कारागिराचं श्रेय

ज्यामुळे मला हे सगळं मनापासून लिहावंसं वाटलं, ते आता सांगते. जुन्या वस्तूला 'परग्रहावरची' म्हटलं की कुणाचं तरी काम त्याच्याकडून हिरावलं जातं.

दिल्लीचा लोहस्तंभ घ्या. 7 मीटर उंची, 6 टनांहून जास्त वजन, सोळाशे वर्षं उघड्यावर. माणसाच्या हातचं नाही म्हणणारे खूप भेटले. पण लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून एकमेकांत मिसळल्याच्या खुणा त्यात आहेत, चंद्र नावाच्या राजाचा लेख त्यावर आहे, आणि जमिनीखालच्या भागावर गंजही सापडला आहे. आयआयटी कानपूरच्या आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या टिकण्याचं कारण उलगडलं. त्या काळच्या भट्टीत चुना टाकत नसत, म्हणून फॉस्फरस स्लॅगबरोबर निघून न जाता लोखंडात राहिला. आजच्या पोलादात आपण जो दोष मानून काढून टाकतो, त्याच फॉस्फरसमुळे पृष्ठभागावर पातळ, घट्ट थर बसला आणि आतलं लोखंड वाचलं.

किंवा अँटिकिथेराचं यंत्र, ग्रहणांचा आणि चंद्राचा हिशेब दाखवणारं प्राचीन ग्रीक यंत्र. ग्रीसजवळच्या समुद्रात बुडालेल्या जहाजातून 1901 मध्ये वर आलेला ब्राँझचा गंजलेला ढेकूळ, आणि त्यात दात्यांची चाकं. 82 तुकडे, निदान 30 चाकं. 2005 मध्ये आठ टनांचं क्ष-किरण यंत्र अथेन्सच्या संग्रहालयात नेऊन त्याच्या आत पाहिलं. एका चाकाला 223 दाते आहेत, आणि ग्रहणं 223 चांद्रमासांनी पुन्हा त्याच क्रमाने येतात. चंद्राची कमी-जास्त होणारी गती दाखवायला एका चाकावर खुंटी आणि दुसऱ्याला खाच आहे. हे वाचून मी रात्रभर जागी होते. पण यंत्रावर महिन्यांची नावं आहेत ती कॉरिंथ परंपरेची, आणि एका छोट्या तबकडीवर ऑलिंपियाच्या खेळांची चार वर्षांची फेरी आहे. परग्रहवासीयांना ऑलिंपियाचे खेळ कधी आहेत हे कशाला हवं? दाते त्रिकोणी आहेत, हाताने कापलेले, आणि त्यामुळे यंत्र थोडं चुकायचं. त्या चुकीत मला कानस धरलेला माणूस दिसतो.

म्हणून जुन्या वस्तूबद्दल पुढचे प्रश्न विचारायचे: त्यावर लेख आहे का, कोणत्या भाषेत? ती कुठल्या वस्तूंच्या सोबत सापडली? तिच्याआधीची साधी, ओबडधोबड आवृत्ती कुठे आहे का? बगदादजवळ 1936 मध्ये सापडलेल्या मातीच्या कुंभात तांब्याची नळी आणि लोखंडी कांडी होती, त्याला प्राचीन बॅटरी म्हणतात. पण सोबत एकही तार सापडली नाही, आणि डांबराने तोंड असं बंद केलं होतं की तांब्यापर्यंत तार पोचलीच नसती. जवळच्या सेल्युकिया या प्राचीन नगरात तशाच प्रकारचे कुंभ गुंडाळलेले लेख ठेवण्यासाठीचे निघाले.

उत्तर देताना

एकदा पाया खोदताना सापडलेला चांदीसारखा चकाकणारा, ठिसूळ तुकडा घेऊन एक माणूस आला. घनता 3.1. मी काही बोलले नाही. कपाटातून फेरोसिलिकॉनचा तुकडा काढला, पोलाद बनवताना भट्टीत टाकतात तो, आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. म्हटलं, तुम्हीच तोला. त्याने दोन्ही तीन-तीनदा तोलले, पाण्यात बुडवले, मोडलेल्या कडा भिंगातून शेजारी-शेजारी पाहिल्या. मग म्हणाला, "एकच आहे. पण मॅडम, इतक्या खाली हा पुरला कुणी?"

दोन आठवड्यांनी तो स्वतःच उत्तर घेऊन आला. त्याने जुन्या माणसांना विचारलं होतं. ती जागा पूर्वी खोलगट होती, आणि पोलाद कारखान्यातून ट्रकांनी आणलेल्या स्लॅगने ती भरली होती. कोणत्या वर्षी, तेही त्याने लिहून आणलं होतं.